हरवलीस तर बसून राहा

नागपूर,
१९ जानेवारी २०२५

आपा,

अस्सलामु अलैकुम. तुमच्या गुडघ्यांना आराम असेल अशी उमेद आहे.

माझा हजचा नंबर लागला आहे. ही बातमी फोनवर सांगावी तर तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुमच्या मुनीरच्या मोबाइलवर लिहून पाठवली तर तुमच्याआधी सगळं घर वाचतं. म्हणून तुमच्या भावाच्या पॅडचे उरलेले कागद काढले. उर्दू मला वाचता येते, पण लिहायला बसले की हात अडतो. तुम्ही तर जन्मभर मराठी शाळेत शिकवलंत, तेव्हा चुका दिसतीलच. लाल शाईने खुणा करून परत पाठवू नका म्हणजे झालं.

मकबूल गेल्याला दीड वर्ष झालं. ते होते तोवर बाहेरचं सगळं त्यांचं. कळमन्याच्या संत्र्याच्या आडतीवरून परत येताना भाजी आणायचे, गॅस, बँक, दवाखाना, सगळं तेच बघायचे. हजला दोघांनी जायचं ठरलं होतं. त्यांच्यामागे तो विषय मी मनातून काढून टाकला होता. पण खालच्या मजल्यावरच्या कौशल्याबाई मागे लागल्या, "फॉर्म त भर वं. नंबर लागला त जाय, नाही लागला त आपला टेका नाका कुठं चालला?" मी भरला. तुमच्या वेळी हे नव्हतं, पण आता पंचेचाळीसच्या वरच्या बाईला नवरा, भाऊ, मुलगा असा मेहरम नसला तरी जाता येतं. चौघी-चौघींचा गट करून देतात. पहिल्या यादीत नाव नव्हतं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. आता प्रतीक्षा यादीतून वर आलं.

आपा, मला गांधीबागेत एकटीने जाऊन सुईदोरा आणायची भीती वाटते. तिथे लाखो लोकांत मी काय करणार? नको असेल तर फेब्रुवारी संपेपर्यंत रद्द करता येतं. आपल्या घरात हज केलेल्या तुम्ही एकट्याच. जाऊ की नको, ते तुम्ही सांगा. आणि जायचं तर काय काय सोबत घेऊ, तेही सांगा.

तुमची,
फहमिदा

उमरेड,
२८ जानेवारी २०२५

दुल्हन,

वालेकुम अस्सलाम. लोक आधी विचारतात आणि मग फॉर्म भरतात. तू आधी फॉर्म भरलास, मग घाबरलीस आणि मग मला विचारलंस. असो. बोलावणं आलं आहे. जा.

आता कामाचं. उद्यापासून पहाटे फजरच्या नमाजानंतर चालायला लाग. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत, महिन्याभरात इंदोरा चौकापर्यंत. जी चप्पल तिथे घालणार आहेस तीच घालून चाल. फोड यायचे तर ते नागपुरात येऊ देत. चप्पल बाहेर काढून ठेवशील तर परत दिसणार नाही, म्हणून एक कापडी पिशवी शिव आणि चप्पल काखेत ठेव. एहराममध्ये, हजच्या बंधनात असताना, बायकांना आपलेच कपडे चालतात, फक्त चेहरा झाकायचा नाही आणि सुवास चालत नाही. बिनवासाचा साबण आणि बिनवासाचं व्हॅसलीन घे. मांड्या घासून सोलवटतात. हे तुला कोणताही मौलवी सांगणार नाही, म्हणून मी सांगते आहे.

संडासाच्या रांगेत अजान झाल्यावर उभं राहायचं नाही, अजानच्या आधी जाऊन यायचं. रांगेला घाबरून पाणी कमी पिणाऱ्या बायका तिथे पटापट पडतात. तू पाणी पी आणि रांगेत उभी राहा. काब्याच्या काळ्या दगडाला हात लावायला धक्के खाऊ नकोस, लांबून इशारा केलास तरी पोहोचतो. मुजदलिफ्याच्या मैदानात उघड्यावर झोपायचं असतं, एक चटई पुरते. सैतानाला मारायचे खडे तिथेच वेच, हरभऱ्याएवढे. आमच्यातल्या एकाने धोंडे वेचले होते, जणू सैतान उमरेडच्या कोळसा खाणीत दडून बसला आहे. एक छोटा स्टोव्ह आणि वात घे, तिथलं जेवण उतरत नाही.

गर्दीची भीती धरू नकोस. मला तरी कुठे काही कळत होतं? आमच्या मास्तरांनी घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत माझा हात सोडला नाही. सारं उमरेड जाणतं.

चालायला लागलीस का ते कळव.

दुआ करणारी,
जैतून

नागपूर,
१६ फेब्रुवारी २०२५

आपा,

चालायला लागले आहे. फोडही आले. पहिले काही दिवस कौशल्याबाई सोबत आल्या, मग त्यांना त्यांच्या सुनेकडे जावं लागलं. आता एकटी जाते आणि लोक बघतात असं वाटून भिंतीच्या कडेकडेने चालते.

स्टोव्ह न्यायला आता बंदी आहे, आपा. वर्गात मी विचारलं तर सगळे हसले. हज हाऊसमध्ये शिकवणीचा वर्ग होता. काबा समजून मध्ये खुर्ची ठेवली होती, तिच्याभोवती आम्ही फिरलो. मोबाइलवर काय काय उघडायचं तेही दाखवलं. मी मान हलवत होते, पण कळलं थोडंच.

तिथे माझ्या गटातल्या तिघी भेटल्या. कामठीच्या आहेत, तिघी सख्ख्या जावा. बायका चांगल्या आहेत. थोरल्या हुस्नाबीने मला पान दिलं. पण त्या तिघींना बोलायला शब्दही लागत नाहीत, एकीने डबा उघडला की दुसरी झाकण धरते. चारचा आकडा भरायला एक बाई हवी होती, ती मी. वर्ग सुटल्यावर त्या रिक्षात बसून निघून गेल्या आणि मी फाटकाशी उभी राहिले. त्यांच्या लक्षातही आलं नाही की चौथी मागे आहे. त्यांचा दोष नाही, सवयच नाही मोजायची.

तेव्हापासून माझ्या मनात एकच घोळतं आहे. तुमचा हात धरायला दूल्हेभाई होते. माझा धरायला कोणी नाही, हे मी सोसेन. पण मी तिथे हरवले तर हरवले हे कळायलासुद्धा कोणी नाही. इथे निदान दूधवाला तरी दार वाजवतो. मी नाही सापडले तर कोण विचारणार, आपा? असं वाटत असताना कसं जायचं?

मी रद्द करणार आहे. पुढच्या सोमवारी, २४ तारखेला अर्ज देईन. तुम्ही एवढं लिहून पाठवलंत, ते वाया घालवल्याबद्दल माफ करा.

फहमिदा

उमरेड,
१९ फेब्रुवारी २०२५

दुल्हन,

हे पत्र मुनीरच्या बायकोला न देता मी स्वतः डाकघरात जाऊन टाकते आहे, स्पीड पोस्टाने. अर्ज देऊ नकोस. आधी हे वाच आणि वाचून झाल्यावर फाडून टाक.

मास्तरांनी माझा हात सोडला होता. मक्केजवळ मिनाला, तंबूंच्या वस्तीत, दुसऱ्या दिवशी. सैतानाला खडे मारून परत येताना एक लोंढा आला, आणि तो गेला तेव्हा माझ्या हातात कोणाचाच हात नव्हता. सगळे तंबू पांढरे, सगळे सारखे. मी ऊन्ह चढेपर्यंत फिरले, मग उतरेपर्यंत फिरले. जितकी फिरले तितकी लांब गेले. रडूसुद्धा येत नव्हतं. शेवटी पाण्याच्या नळांपाशी बसून राहिले. आपल्याकडच्या, बालाघाटच्या लोकांचा एक जत्था पाणी भरायला आला, त्यांनी मला तंबूपर्यंत आणून सोडलं.

मी वाटेत काय काय मनात धरलं होतं, तुला सांगू? मास्तर वेडेपिसे झाले असतील, उपाशी असतील, पोलिसांकडे गेले असतील. आत गेले तर ते जेवून झोपले होते. मी दुसऱ्या बायकांच्यात आहे असं समजले होते म्हणे. डोळे उघडून म्हणाले, "आलीस का? चहा मिळतो का बघ." आणि मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेले.

उमरेडला परतल्यावर जेवणावळीत त्यांनीच लोकांना सांगितलं की बायकोचा हात एकदाही सोडला नाही. मी मान खाली घालून बसले, लोकांना वाटलं लाजते आहे. तेव्हापासून तेच चालू आहे. आता ते कबरीत आहेत आणि मीही तेच सांगत बसते. चांगला माणूस होता, मारझोड नाही, व्यसन नाही. पण त्या दिवशी मी हरवले होते हे जगात फक्त मला माहीत होतं. नवरा सोबत असून.

म्हणून सांगते, जोडीने जाणाऱ्या बाईला जे मिळतं असं तुला वाटतं, ते सगळ्यांना मिळत नाही. त्यासाठी रद्द करू नकोस.

आणि आता खरा सल्ला, मागच्या पत्रातले सगळे विसरलीस तरी हा विसरू नकोस. हरवशीलच. तिथे सगळे एकदा हरवतात. हरवलीस की एकदा कार्ड दाखवून विचार, दोनदा विचार, आणि तरी तंबू सापडला नाही तर सावली आणि पाणी बघून तिथेच बसून राहा. चालू नकोस. चालणारा माणूस सापडत नाही. गळ्यातलं ओळखपत्र कपड्याच्या आत ठेवू नकोस, वर दिसू दे.

आणि तुझ्या हजच्या अर्जाचा तो कव्हर नंबर का काय असतो, तो मला लिहून पाठव. विचारू नकोस कशाला. भिंतीवर लावेन.

जैतून

नागपूर,
१४ मे २०२५

आपा,

मधल्या काळात रमजान आला, ईद झाली, आणि मी तुम्हाला दोन कार्डं टाकण्यापलीकडे काही लिहिलं नाही. काय लिहावं हेच सुचत नव्हतं. तुमचं पत्र फाडलं नाही, पण कोणाच्या हाती लागणार नाही.

अर्ज दिला नाही. उद्या निघते आहे.

कव्हर नंबर वेगळ्या चिठ्ठीवर ठळक लिहून सोबत ठेवला आहे. किल्ली कौशल्याबाईंकडे. त्यांनी जखमांची पट्टी, ओआरएस आणि मिठाच्या लिंबाची बरणी असं भरून दिलं. म्हणाल्या, "तुह्या देवाले माह्याबी नावानं सांगजो, गुडघे बरे कर म्हणा." मी हसले, पण सांगेन. गल्लीतल्या सगळ्यांनी दुआ मागितल्या आहेत, कोणाला मूल हवं, कोणाला नोकरी. तुम्ही मात्र काहीच मागितलं नाहीत. मी माझ्या मनाने मागेन ते चालेल ना?

रात्री बॅग भरताना सवयीने दोन टॉवेल घेतले. एक परत कपाटात ठेवला.

माझ्याकडून बोलण्याचालण्यात काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा.

फहमिदा

नागपूर,
६ जुलै २०२५

आपा,

अल्लाहच्या कृपेने सगळं पार पडलं. मी घरी आले. जमजमचं पाणी आणि खजूर तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवले आहेत, कोणाला हात लावू दिला नाही.

विमानतळावर कामठीच्या तिघींना घ्यायला दोन गाड्या भरून माणसं आली होती, हार घेऊन. एका लहान मुलीने चुकून माझ्याही गळ्यात घातला, मग तिच्या आईने तिला हळूच ओढलं. हार काढून परत देऊ की ठेवू, हे मला कळेना. मी ऑटो केली. कौशल्याबाई दारात उभ्या होत्या, डाळभात करून. चार दिवस गल्ली लोटली, प्रत्येकाला घोटभर जमजम हवा होता. पाचव्या दिवशी कोणी आलं नाही. हजच्या पुस्तकात जाण्याचं सगळं लिहिलेलं असतं, पण परत येऊन रिकाम्या घरात कसं बसायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

आपा, मी हरवले. तुम्ही म्हणाला होतात तसंच.

दहावी तारीख होती, तिथली ईद. खडे मारून परतताना चपलेचा पट्टा निघाला म्हणून वाकले, उठून बघते तर तिघी नाहीत. मोबाइल सकाळीच बंद पडला होता. एका पोलिसाला कार्ड दाखवलं, त्याने बोट दाखवलं तिकडे गेले. तसाच तंबू, तसाच पडदा, आत इंडोनेशियाच्या बायका. त्यांनी मला पाणी दिलं आणि गोड हसल्या. दुसऱ्याला विचारलं, त्याने उलट्या बाजूला पाठवलं. ऊन्ह असं की डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. मग तुमचं वाक्य आठवलं आणि नळांच्या बाजूला भिंतीच्या सावलीत बसले. ओळखपत्र वर काढून ठेवलं.

खूप वेळ बसले, आपा. समोरून माणसं जातच होती. मला मुळीच भीती वाटत नव्हती, हेच भयंकर होतं. मी विचार करत होते की मी इथे अशीच राहिले तर काय होईल. टेक्याच्या घरात धूळ साचेल. कौशल्याबाई किल्ली कोणाला द्यायची म्हणून विचारत फिरतील. बस, एवढंच. माझ्या असण्यानसण्याने हललं असतं असं काहीच मला आठवेना. मकबूलना मी त्या दिवशी मनातून खूप बोलले, त्यांनी मला एकटीला टाकलं म्हणून.

सूर्य उतरायला लागला तेव्हा हज कमिटीचं जाकीट घातलेला एक पोरगा ओरडत आला, "नागपूर की फहमिदाबी! फहमिदाबी कौन है?" मी हात वर केला. तो धापा टाकत म्हणाला, "अरे खाला, आप यहाँ बैठी हो? आपके घर से फोन पे फोन आ रहे हैं. ऑफिसवालों का जीना हराम कर दिया." तो आमच्या तंबूत गेला तेव्हा कुठे तिघींना कळलं की मी नाही. त्या समजत होत्या, मी पलीकडच्या कोपऱ्यात झोपले आहे. शेवटचं कुठे पाहिलं ते हुस्नाबीने आठवून सांगितलं, आणि तो रस्ता धरून तो मागे मागे आला.

मी त्याला म्हणाले, "बेटा, माझ्या घरी कोणी नाहीच. दुसरी कोणी फहमिदा असेल." तो म्हणाला, असेल, पण आता उठा. उठवेना. त्याने मला दवाखान्यात नेलं, सलाईन लावली. डॉक्टर म्हणाली, ही अजून थोडा वेळ बसली असती तर उठली नसती.

घरी आल्यावर कौशल्याबाईंना विचारलं, फोन तुम्ही केला होता का? त्या म्हणाल्या, "मी काहून करू? मले त परदेशात फोन लावता बी येत नाही." तेव्हा चुकूनच आला असणार. दुसऱ्या कोणा फहमिदाचं घर तिच्यासाठी जीव टाकत होतं आणि तिच्या वाट्याची काळजी मला मिळाली, असं धरून चालले आहे. तिच्यासाठी रोज दुआ करते.

तुमची,
फहमिदा

उमरेड,
११ जुलै २०२५

फहमिदा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आता मला हे लिहावं लागतं आहे, नाहीतर तू जन्मभर कोणा भलतीसाठी दुआ करत बसशील.

तिकडे ईद होती तेव्हा आपल्याकडे बकरीदचा आदला दिवस. घरात सगळे कामात. मी टीव्हीपुढे बसले होते. आवाज मला येत नाहीच, चित्रं बघते. तर पडद्यावर मिनाचा रस्ता, ऊन्ह, आणि कडेला चादरी टाकून झाकलेली माणसं. ओळीने. मी ते पाहिलं आणि माझ्या हातातली मिरच्यांची परात खाली पडली.

मी मुनीरला ओढत आणलं. तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही आणि ऐकायचंही नव्हतं. भिंतीवरची चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली, म्हटलं कमिटीला फोन लाव आणि मामी कुठे आहे ते विचार. त्याने लावला आणि मग मला विचारलं, मामीचं नाव काय? फहमिदा, घरात कोणालाच तुझं नाव माहीत नव्हतं. मुलांना तू टेक्याची मामी, मला दुल्हन. मी नातवाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यासमोर धरलं.

तिकडून सांगितलं, सगळं ठीक आहे. मी म्हटलं, सगळं नको, हिचं सांगा. पुन्हा लाव. पुन्हा तेच. मी म्हटलं, त्यांना सांग की माणूस पाठवून तंबूत बघून या, तोवर मी ताटावर बसणार नाही. सून रागावली, मुनीर रागावला. ईदच्या तयारीच्या दिवशी सगळ्यांना छळलं मी. शेवटी त्याने वैतागून वर्तमानपत्राच्या कडेला लिहून माझ्यापुढे टाकलं, "अम्मी, हे मागच्या वर्षी उन्हाने गेलेल्यांचं दाखवत आहेत. यंदा काही झालेलं नाही." मी ते वाचलं आणि तरी म्हटलं, लाव.

संध्याकाळी उशिरा त्यांनी कळवलं की बाई सापडली. मुनीर पाटीवर लिहून विचारतो, सापडली म्हणजे, हरवली होती का? मी त्याला काही सांगितलं नाही. आत जाऊन दार लावून घेतलं. मास्तर गेले तेव्हा जेवढी रडले नव्हते तेवढी रडले.

तेव्हापासून घरात माझी थट्टा चालते. टीव्ही लागला की नातू विचारतो, दादी, कोणाला फोन लावू? लावू दे त्याला.

बातमी मागच्या वर्षीची होती, खरं आहे. बाकी काही चुकून झालेलं नाही. पायांत बळ आलं की बसने ये, खजूर तूच घेऊन ये, पोस्टाने पाठवू नकोस.

त्या पोराला तू सांगितलंस, दुसरी कोणी फहमिदा असेल. या बहिऱ्या म्हातारीकडे दुसरी कोणी फहमिदा नाही.

जैतून